होडी कोणाची, पाणी कोणाचे?

इंग्लंडातील लिंकनशायर परगण्यात ब्रिग नावाचे एक लहानसे गाव असून, तेथील गॅस कंपनीने एल्वेस नामक जमीनदाराची काही जमीन नव्व्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने घेतली होती. १८८६ साली गॅसच्या टाकीसाठी पाया खणताना मजुरांच्या कुदळी एका अवाढव्य लाकडास अडखळल्या. नदीकाठचा तो चिकट गाळ दूर सारला तेव्हा, ओक वृक्षाच्या एकाच खोडातून कोरून काढलेली, जवळजवळ पंधरा मीटर लांबीची एक होडी आपल्या पायांखाली पडून असल्याचे त्यांस दिसून आले. होडी पुरती वर येते न येते तोच तिच्या मालकीचा तंटा उपस्थित झाला. कंपनीचे म्हणणे, जमीन आमच्या ताब्यात, खोदाई आमची, वस्तू आमच्या मजुरांना सापडली, सबब ती आमची. जमीनदाराचे म्हणणे, पट्टा दिला म्हणजे मी जमीन विकली असे होत नाही.

न्यायमूर्ती चिटी यांनी त्याच वर्षी निकाल दिला तो जमीनदाराच्या बाजूने. होडीस खनिज म्हणा, मातीचा भाग म्हणा अथवा स्वतंत्र जंगम वस्तू म्हणा, पट्टा लिहून देण्यापूर्वी जमिनीचा कब्जा जमीनदाराचा होता आणि तो कब्जा पृष्ठभागापुरता नसून थेट पृथ्वीच्या गर्भापर्यंतचा होता; अशी काही वस्तू खाली आहे हे जमीनदारास ठाऊक नव्हते एवढ्याने त्याच्या हक्कास बाध येत नाही, असा त्या फैसल्याचा आशय. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला अजूनही वाचावा लागतो आणि त्यातील युक्तिवाद मोठा डौलदार आहे, यात संशय नाही. परंतु कज्जे-दलालीच्या त्या साऱ्या कागदपत्रांत एक प्रश्न कोणीच विचारला नाही, आणि तो प्रश्न असा की, सुमारे सत्तावीसशे वर्षे ज्या ओल्या चिखलाने ही होडी एखाद्या इमानी खजिनदाराप्रमाणे सांभाळली, त्या चिखलाचे पुढे काय?

होडीचे काय झाले ते मात्र नमूद आहे. १९०९ साली ती हल शहरातील संग्रहालयात गेली आणि १९४३ च्या हवाई हल्ल्यात संग्रहालयाबरोबर जळून खाक झाली. मातीखाली सत्तावीस शतके आणि माणसांत सत्तावन्न वर्षे, असा तिचा हिशेब. युद्ध हा अपवाद आहे, त्यावरून संग्रहालयांस नावे ठेवणे रास्त नव्हे, हे मला मान्य आहे. तथापि पुरातन वस्तू भूमीतून निघून काचेच्या कपाटात गेली म्हणजे ती सुरक्षित झाली, ही जी आपली सर्वसाधारण समजूत, तिची एकदा उलटतपासणी व्हावी, असे ब्रिगच्या होडीचे चरित्र वाचल्यावर वाटू लागते.

उत्तर युरोपातील आयर्लंड, डेन्मार्क, हॉलंड, उत्तर जर्मनी आदी सखल व पावसाळी मुलखांत ‘पीट’ नावाचा एक भूपदार्थ विपुल आढळतो. आपल्याकडील रोपवाटिकांत ‘कोकोपीट’ म्हणून जो नारळाच्या काथ्याचा भुसा मिळतो, त्याचे नाव याच पीटवरून पडले असले, तरी खरे पीट ही सर्वस्वी निराळी वस्तू. पाणी साचून राहिलेल्या थंड जागी शेवाळ, लव्हाळे, गवत मरते, परंतु पुरते कुजत नाही. त्याच्यावर दुसरे वाढते, तेही मरते. आणि असे थरावर थर बसत, वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर या गतीने, हजार वर्षांत एक मीटर जाडीची काळसर, स्पंजासारखी भूमी तयार होते. त्यात जे जे पडेल ते पाण्याखाली जाते, आणि तेलाखाली बुडालेल्या लोणच्याच्या फोडीस बुरा लागत नाही, त्याच न्यायाने, प्राणवायूच्या अभावी बुरशीस व बहुतेक जंतूंस तेथे वाव राहत नाही. स्फॅग्नम जातीच्या शेवाळाने पाण्यात उतरवलेली आम्लता या कामी आणखी साहाय्य करते. लाकडातील मृदू द्रव्ये शतकानुशतके हळूहळू विरघळतात, परंतु त्यांच्या रिक्त जागी पाणी भरून राहते. म्हणून खोड दिसावयास जसेच्या तसे, वाकसाच्या घावांसकट, शाबूत दिसते. वस्तुतः ते खोड आता निम्मेअधिक पाणीच असते. असे लाकूड वाऱ्यावर ठेवले की आतील पाणी उडून जाते, पेशी मिटतात, आणि हजारो वर्षे टिकलेले खोड थोड्याच दिवसांत आक्रसून, तडकून, ओळखू न येण्याजोगे होते.

पिटात टिकलेल्या, एका खोडाच्या होड्यांत सर्वांत वयोवृद्ध म्हणून जिची ख्याती आहे, ती हॉलंडमधील द्रेंते प्रांतात, होखेफेन शहराजवळच्या पेसे या खेड्यात सापडली. १९५५ साली तेथून एक राजमार्ग नेण्याचे काम चालले होते, आणि रस्त्याखालची मऊ भूमी काढून टाकून तेथे वाळू भरावी लागत असल्यामुळे यंत्रे पीट उपसत होती. जमिनीखाली सुमारे दोन मीटरांवर यंत्रास एक खोड लागले. चालकाने ते इतर झाडझाडोऱ्याबरोबर बाजूस टाकले. एका स्थानिक शेतकऱ्याची नजर त्यावर पडली, हे लाकूड माणसाने घडविलेले आहे असा त्यास संशय आला, आणि त्या संशयाच्या बळावर जगातील सर्वांत जुनी ज्ञात होडी ढिगाऱ्यात जाता जाता वाचली. पुढे किरणोत्सर्गी कर्बाच्या पद्धतीने तिचे वय काढले, ते इसवी सनापूर्वी ८०४० ते ७५१० या दरम्यानचे निघाले. लांबी २९८ सेंटिमीटर, रुंदी ४४ सेंटिमीटर. लाकूड पाइनचे, कारण त्या काळी त्या मुलखात ओकची घनदाट अरण्ये अद्याप यावयाची होती. आज ती आसेन येथील द्रेंते प्रांताच्या संग्रहालयात आहे.

चव्वेचाळीस सेंटिमीटर म्हणजे बैठक मारून कसेबसे सामावता येईल इतकीच जागा. त्यामुळे ही होडी नसून गुरांना पाणी पाजण्याची डोण असावी, असा आक्षेप काही विद्वानांनी घेतला. परंतु ज्या काळात त्या भागात कोणी गुरे पाळलीच नव्हती, त्या काळात डोण कोणासाठी कोरली असेल, याचा खुलासा आक्षेपकांनी करावयास हवा होता. अखेर २००१ साली पुरातत्त्वज्ञांनी तंतोतंत तशीच एक प्रतिकृती पुरातन पद्धतीच्या हत्यारांनी घडवून घेतली, तीत एक वल्हेकरी बसला, आणि ती प्रतिकृती पाण्यावर बिनतक्रार चालली. शास्त्रार्थाचा निर्णय अशा रीतीने, पुस्तके मिटून पाण्यात उतरून, लागावा हे मला फार आवडते.

याच होखेफेनच्या परिसरात १८८३ च्या शरद ऋतूत व्हिन्सेंट व्हॅन गॉग काही आठवडे राहिला होता. पीट खणणाऱ्या बाया, पिटाने लादलेल्या होड्या आणि त्या होड्यांसाठी खणलेले सरळ, उदास कालवे त्याने रंगविले, त्यांपैकी एक चित्र त्याच आसेनच्या संग्रहालयात आहे. जळण म्हणून त्या प्रांताची भूमी कित्येक पिढ्या अशी तुकड्यातुकड्याने कापून शहरांकडे रवाना होत होती. त्या चुलींत आणि भट्ट्यांत पिटाबरोबर कितीक खोडे गेली असतील, आणि त्यांपैकी किती नुसती खोडे नव्हती, हे आता कोणत्याही दप्तरात मिळावयाचे नाही.

येथे एक गोष्ट लक्षात येते, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचे मर्म तीतच आहे. दलदलीतील होडी सापडते केव्हा, तर दलदल मोडली जाते तेव्हा. आयर्लंडमधील गॉलवे परगण्यात लर्गन येथे विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी सुमारे पंधरा मीटर लांबीची, चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची ओकची होडी मिळाली, ती पिटाच्या दलदलीतून. आज डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात तिच्यासमोर उभे राहिले म्हणजे एवढा वृक्ष कोठे उगवला आणि तो कोणी ओढून आणला, या विचाराने मती कुंठित होते. यॉर्कशायरमधील हॅशोम येथील होडी १९८४ साली शेतातील पाण्याचा निचरा करण्यासाठी चर खणताना मिळाली, आणि तेवीसशे वर्षांपूर्वी बुडाली त्या वेळी तिच्यावर मांसाचे मोठमोठे तुकडे लादलेले होते, हेही हाडांवरून उमगले. केंब्रिजशायरमध्ये मस्ट फार्म येथे २०११ साली कांस्ययुगातील आठ होड्या एकाच जुन्या प्रवाहपात्रात आढळल्या, पुढे संख्या नऊवर गेली. त्या मिळाल्या विटांसाठी माती काढणाऱ्या खाणीत. रस्ता, गॅस, विटा, जळण, निचरा ही सारी कारणे भिन्न, पण प्रत्येक वेळी पाणी हटविले गेले आणि मग वस्तू दिसली. प्रत्येक शोध हा या दृष्टीने नुकसानीचा पंचनामाही असतो; वर्तमानपत्रे शोधाचे वृत्त पहिल्या पानावर छापतात आणि पंचनामा कोणी वाचत नाही.

आणि शोध खरोखर छापण्याजोगाच असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. एका खोडाची होडी म्हटली की रानटी मनुष्याने कसाबसा पोखरलेला ओंडका असे चित्र आपल्या मनात येते. परंतु ज्यांनी या होड्या बारकाईने तपासल्या त्यांनी निराळीच हकिकत सांगितली आहे. खोड आतून कोरताना बूड किती जाड राहिले हे बाहेरून कळावयाचे कसे? तर बुडास ठरावीक ठिकाणी भोके पाडून, जाडी अजमावून, मग त्यांत लाकडी खुंट्या ठोकून ती बुजवीत. असे खुंटीबंद वेध अनेक होड्यांत सापडले आहेत. कित्येकांच्या तळावर आडव्या पट्ट्या मुद्दाम न कोरता उंचवट्याच्या रूपाने राखलेल्या दिसतात. ब्रिगच्या होडीची पिछाडी स्वतंत्र फळीने बंद केली होती आणि फटींत शेवाळ कोंबून त्या जलाभेद्य केल्या होत्या. डेन्मार्कच्या टिब्रिंड विग येथे उथळ समुद्रतळाच्या गाळात सहा हजार वर्षांपूर्वीची लिंडेन लाकडाची जी लांबलचक होडी मिळाली, तिच्या मागील भागात मातीच्या थरावर विस्तव पेटविल्याच्या खुणा होत्या. रात्री वाम मासे धरावयास जाणाऱ्यांनी हा उजेड आणि ही ऊब बरोबर नेली असावी, असा तर्क आहे. तेथील वल्ह्यांच्या पात्यांवर नक्षी कोरलेली आहे. पोट भरण्यासाठी वल्हे मारणाऱ्यास नक्षीची काय गरज होती, असा प्रश्न ज्यास पडेल त्याने आपल्या बैलपोळ्यातील रंगविलेल्या शिंगांकडे पाहावे.

आपल्या भूमीत हे भाग्य फारसे नाही. दख्खनच्या उन्हाळ्याने व वाळवीने लाकूड टिकू दिलेले नाही, म्हणून आपल्या पुरातन नद्यांच्या काठी खापरे मिळतात, मणी मिळतात, तांब्याची हत्यारे मिळतात, पण होडी मिळत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर एका खोडातून कोरलेली व बाजूस उलांडी बांधलेली होडी परवापरवापर्यंत मासेमारीस जात असे, तेव्हा विद्या होती, वस्तू मात्र राहिल्या नाहीत. अपवाद केरळचा. पेरियारच्या मुखाजवळ पट्टणम येथे २००७ च्या उत्खननात, पाणी लागलेल्या खोल थरांत, सुमारे सहा मीटर लांबीची एका खोडाची होडी आणि तिच्याजवळ होड्या बांधण्याचे खुंट मिळाले. दोन हजार वर्षांपूर्वी रोमशी व्यापार करणाऱ्या बंदराचा तो धक्का असावा. तीही टिकली ती ओलाव्यानेच. कायदा पाहू जाता आपल्याकडे १८७८ चा निखात निधी अधिनियम असून, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू जमिनीत सापडली तर तिची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास द्यावी, आणि शोधणारा व जमीनमालक यांच्यात वाटणी कशी व्हावी, याची तजवीज त्यात आहे. ब्रिगच्या निकालात काय किंवा आमच्या अधिनियमात काय, वाटा माणसांचा ठरतो. ज्या परिस्थितीने वस्तू राखली, तिच्या निगेचा खर्च कोणी सोसावा, हे कलम कोठेच नाही.

हे कलम नसल्याचा परिणाम काय होतो, ते स्टार कार येथे दिसून आले. यॉर्कशायरमधील या स्थळी ग्रॅहॅम क्लार्क यांनी १९४९ ते १९५१ या काळात उत्खनन केले, त्या वेळी अकरा हजार वर्षांपूर्वीच्या तळ्याकाठच्या वस्तीतील हरणाच्या शिंगांची हत्यारे, लाकडी वस्तू व एक वल्हे अशा अवस्थेत बाहेर आले की जणू कालचेच. होडी मिळाली नाही. परंतु वल्हे असल्यावर होडीही असणारच. याच स्थळी अर्धशतकानंतर पुन्हा खोदाई झाली तेव्हा संशोधकांना हाडे लिबलिबीत झालेली, शिंगे चेपलेली व लाकूड भुगभुगीत झालेले आढळले. कारण शेतीसाठी निचरा झाल्यामुळे पाण्याची पातळी खाली गेली होती आणि सुकत्या पिटात तीव्र आम्ल निर्माण झाले होते. कोणी कुदळ लावली नाही, कोणी चोरी केली नाही, कोणावर फिर्याद नाही. आणि तरीही अकरा सहस्र वर्षे जे टिकले ते एका माणसाच्या हयातीत नासले.

केंब्रिजशायरमधील होम फेन येथे १८५१ च्या सुमारास, शेजारचे विशाल सरोवर उपसून काढण्याचे काम चालू असता, भूमी किती खचते हे पाहण्यासाठी एक लोखंडी खांब पिटात असा रोवला की त्याचा माथा जमिनीच्या सपाटीस यावा. आज तो खांब सुमारे चार मीटर उघडा उभा आहे. चार मीटर जाडीची भूमी, म्हणजे स्थूलमानाने चार हजार वर्षांचा संचय, काही आक्रसली आणि काही वायुरूप होऊन वातावरणात गेली. त्या थरांत काय होते याची यादी करावयास कोणी नव्हते.

यावर एक बाजू अशी आहे की, जी ऐकल्यावाचून निवाडा देणे अन्यायाचे होईल. आयर्लंडमधील गरीब कुटुंबांस आपापल्या हिश्शाच्या दलदलीतून पीट कापण्याचा वहिवाटीचा हक्क पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे, आणि ज्यांच्या घरात दुसरे जळण नव्हते त्यांना शहरातील विद्वानांनी पुरातन ओंडक्यांसाठी थंडीत कुडकुडावयास सांगणे ही निर्दयता होईल. परंतु दलदलींचा खरा संहार या हातकुदळीने केला नाही. तो १९४६ साली स्थापन झालेल्या बोर्ड ना मोना या सरकारी मंडळाच्या यंत्रांनी, विजेच्या कारखान्यांसाठी केला. लाँगफर्ड परगण्यात कॉर्ली येथे इसवी सनापूर्वी १४८ साली ओकच्या फळ्यांचा घातलेला रस्ता १९८४ साली याच यंत्रांपुढे उघडा पडला, आणि त्याचा अठरा मीटरांचा एक तुकडा आता वातानुकूलित दालनात ठेवला आहे. २०२१ साली या मंडळाने पीट काढणे कायमचे बंद केल्याचे जाहीर केले. मंडळाची प्रशंसा करावी, पण ती पाऊणशे वर्षांच्या विलंबाची नोंद करून करावी.

दुसरा आक्षेप शास्त्रज्ञांचा आहे की, वस्तू वर काढल्यावाचून ज्ञान होत नाही. खरे आहे. परंतु वर काढलेल्या ओल्या होडीस टिकविणे हे काय प्रकरण असते, हे सर्वसामान्य वाचकास ठाऊक नसते. लाकडातील पाण्याच्या जागी पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाचे मेणासारखे द्रव्य थेंबाथेंबाने मुरवावे लागते, त्यास वर्षानुवर्षे लागतात. मग गोठवून निर्वातात सुकवावे लागते. पुढे जन्मभर हवेची आर्द्रता राखावी लागते. एका होडीचा हा खर्च मोठमोठ्या संस्थांस जेरीस आणतो. नऊ होड्या एकदम आल्या की काय होत असेल त्याची कल्पना करावी. तेव्हा ज्ञानासाठी काही होड्या अवश्य काढाव्यात. बाकीच्यांचा सांभाळ करण्याची जी जागा निसर्गाने फुकट दिली आहे, तिचे पाणी राखणे हेच स्वस्त आणि हेच शहाणपणाचे.

हे नुसते मनोराज्य नव्हे. सॉमरसेटमध्ये १९७० साली पीट खणणाऱ्या रे स्वीट नामक कामगारास ज्या पुरातन लाकडी पायवाटेचा शोध लागला, आणि जिची झाडे इसवी सनापूर्वी ३८०७ अथवा ३८०६ साली तोडली गेल्याचे वृक्षवलयांवरून सिद्ध झाले, त्या वाटेचा सुमारे पाचशे मीटरांचा भाग शॅपविक हीथ येथे जागच्या जागी राखलेला आहे. सरकारी संस्थेने ती जमीन विकत घेतली, आणि पंपाने पाणी सोडून त्या लाकडांवरची पातळी ढळू दिली जात नाही. तेथे गेलेल्या प्रवाशास पाहावयास काही मिळत नाही, फक्त ओली जमीन दिसते, आणि मला वाटते, या व्यवस्थेस लोकमताचा पाठिंबा मिळविण्यात हीच खरी अडचण आहे. जे दिसत नाही त्यासाठी दरसाल पैसे मोजण्याची तयारी मतदारात उत्पन्न करणे कोणत्याही मुत्सद्द्यास सोपे नाही.

आता मात्र प्रसंग अनुकूल आला आहे. निचरा केलेले पीट हवेत कर्बवायू सोडते हे ध्यानी आल्यामुळे युरोपीय संघाने २०२४ साली निसर्ग पुनःस्थापनेचा कायदा केला, आणि शेतीसाठी सुकविलेल्या पीटभूमीपैकी तीस टक्के २०३० पर्यंत, चाळीस टक्के २०४० पर्यंत व पन्नास टक्के २०५० पर्यंत सुधारण्याचे बंधन सभासद राष्ट्रांवर घातले. त्यांतील काही हिस्सा प्रत्यक्ष पाण्याखाली परत न्यावयाचा आहे. कोणत्या दलदली आधी भिजवाव्यात याची निवड आता खातेनिहाय होईल, आणि ती शेतकी व पर्यावरण या दोन खात्यांवरच सोपविली तर जेथे कर्ब अधिक तेथेच पाणी जाईल; लर्गनसारख्या ज्या जागी एक होडी निघाली म्हणजे दुसरी असण्याचा संभव अधिक, त्या जागांचा नंबर शेवटी लागेल. निवड करणाऱ्या प्रत्येक मंडळावर पुरातत्त्व खात्याचा एक अधिकारी मताच्या अधिकारासह असावा. ज्या शेतकऱ्याची जमीन ओली होईल त्यास उत्पन्नाची नुकसानभरपाई एकरकमी न देता दरसाल मिळावी, म्हणजे पाणी राखण्यात त्याचाही स्वार्थ राहील. आणि जुने चर बुजविण्यासाठी, बांध घालण्यासाठी जी अवजड यंत्रे दलदलीत उतरणार आहेत, त्यांच्या चालकांस मक्त्याच्या शर्तीतच लिहून द्यावे की, कोरलेले लाकूड दिसताच काम तहकूब करून वर्दी द्यावयाची, आणि त्या खोळंब्याची मजुरी सरकारी तिजोरीतून मिळेल.